पश्चात्ताप दिसला म्हणजे धोका टळला का? हिंसक व लैंगिक गुन्हेगारांच्या मूल्यमापनाविषयी

मानसमापन_ठाणे (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी शिक्षेविषयी होती. पुढच्याच महिन्यात त्या प्रकरणातील आरोपीला तळोजा कारागृहातून नेले जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला आणि बऱ्याच जणांच्या लेखी विषयच संपला. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात क्लिनिकल सायकॉलॉजी शिकवतो. त्या काळात वर्गात विचारला गेलेला प्रश्न मला अजून महत्त्वाचा वाटतो. जे लोक अशा गुन्ह्यांत दोषी ठरतात, शिक्षा भोगतात आणि एक दिवस कळवा, दिवा, कोपरखैरणे, पनवेल इथल्याच कुठल्यातरी चाळीत किंवा इमारतीत परततात, त्यांच्यापैकी पुन्हा गुन्हा कोण करील हे आधी सांगता येते का, आणि उपचार देऊन तो टाळता येतो का?

या प्रश्नावर गेली पन्नास-साठ वर्षे जगात भरपूर काम झाले आहे आणि त्यातले पुष्कळसे आपल्या सहजबुद्धीच्या विरुद्ध जाते, म्हणून हा धागा.

सुरुवात तज्ज्ञांच्या फजितीपासून होते. १९५४ मध्ये पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनुभवी तज्ज्ञाचा अंदाज आणि साध्या गणिती नियमाने काढलेला अंदाज यांची तुलना केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी नियम तज्ज्ञाच्या तोडीस तोड किंवा सरस निघाला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्स्ट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातील नऊशेहून अधिक ‘धोकादायक’ मनोरुग्ण बंद्यांना कडेकोट संस्थांतून साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. आता हाहाकार माजेल अशी भीती होती. प्रत्यक्षात पुन्हा कडेकोट संस्थेत धाडावे लागले असे फारच थोडे निघाले. जॉन मोनाहन यांनी १९८१ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र वाचून सांगितले, की ज्यांच्याविषयी ‘हा हिंसा करील’ असे मनोविकारतज्ज्ञ म्हणतात त्यांच्यापैकी फार तर तिघांपैकी एक जण खरोखर करतो. दोन वर्षांनी बेअरफूट या मृत्युदंडाच्या खटल्यात अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतःच न्यायालयाला हे कळवले, तरीही न्यायालयाने अशी साक्ष ग्राह्य धरली आणि पुढे त्या माणसाचा मृत्युदंड अमलात आला.

यातूनच मोजपट्ट्यांचा जन्म झाला. विमा कंपनी ज्या पद्धतीने हप्ता ठरवते, त्याच पद्धतीने सुटलेल्या हजारो बंद्यांचा माग काढून कोणत्या नोंदी पुनर्गुन्ह्याशी जुळतात ते पाहायचे आणि त्यांना गुण द्यायचे. हिंसेसाठी कॅनडात १९९३ च्या सुमारास व्हीआरएजी ही १२ बाबींची मोजपट्टी तयार झाली, तर लैंगिक गुन्ह्यांसाठी कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांची स्टॅटिक-९९ ही १० बाबींची मोजपट्टी सर्वाधिक प्रचारात आली. ती प्रत्यक्षात कशी भरतात हे पाहण्यासारखे आहे. सुटकेच्या वेळचे वय, कोणा जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षे एकत्र राहिला आहे का, सध्याच्या गुन्ह्याबरोबर लैंगिकेतर हिंसा होती का, पूर्वी होती का, पूर्वीचे लैंगिक गुन्हे किती, एकूण शिक्षा किती वेळा झाल्या, स्पर्शाविना केलेल्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरला आहे का, पीडितांपैकी कोणी नात्याबाहेरचे होते का, कोणी अनोळखी होते का, कोणी पुरुष वा मुलगा होता का. बस, इतकेच. बंद्याला समोर न बसवताही ही पट्टी कागदपत्रांवरून भरता येते.

त्या यादीत काय नाही, तेही पाहा. ‘त्याला पश्चात्ताप झाला आहे का’ हा प्रश्न तिथे नाही, ‘तो गुन्हा कबूल करतो का’ हेही नाही. हे अनवधानाने राहिलेले नाही. हॅन्सन आणि ब्यूसियेर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे २९ हजार गुन्हेगारांची माहिती एकत्र केली, तेव्हा गुन्हा नाकारणे आणि पीडिताविषयी सहानुभूती नसणे या दोन्ही गोष्टींचा पुढच्या लैंगिक गुन्ह्याशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. सर्वांत भक्कम संबंध विकृत लैंगिक ओढीशी, विशेषतः मुलांविषयीच्या ओढीशी, आणि त्याखालोखाल सर्वसाधारण गुन्हेगारी वृत्तीशी होता. आपण बातमी वाचताना, न्यायाधीश निकाल देताना आणि समिती सुटकेचा अर्ज वाचताना सगळ्यात आधी ज्या खुणेकडे पाहतात, ती खूण धोक्याविषयी जवळपास काहीच सांगत नाही.

ऐरोलीची_आई

सर, लेख वाचून थोडी अस्वस्थ झाले आहे, म्हणून स्पष्टच विचारते. ‘असे लोक कधीच सुधारत नाहीत, शंभरातले ऐंशी पुन्हा तेच करतात’ हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत इतक्या वेळा ऐकले आहे, की ते मी धरूनच चालले होते. सुरक्षारक्षक, बसचा चालक, घरकामाला येणाऱ्या बाईंचा नवरा, अशा सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी असा ठराव आम्ही केला. तो आकडा खरा आहे का? नसेल, तर खरा आकडा कोणता? आणि परदेशात असतात तशा गुन्हेगारांच्या नावांच्या याद्या आपल्याकडे सर्वांना पाहता आल्या, तर आईबापांनी थोडे निश्चिंत व्हावे की नाही?

मानसमापन_ठाणे

ताई, त्या ऐंशी टक्क्यांची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत लैंगिक गुन्हेगारांच्या पुनर्गुन्ह्याचा धोका ‘भयावह’ असल्याचे म्हटले, आणि उपचार न घेतलेल्यांसाठी ऐंशी टक्क्यांचा आकडा उद्धृत केला. तो आला होता सरकारी मार्गदर्शिकेतून, मार्गदर्शिकेत तो आला १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातील लेखातून, आणि तो लेख लिहिला होता तुरुंगातील उपचार चालवणाऱ्या एका समुपदेशकाने. लेखात त्या आकड्यामागे कोणताही अभ्यास नव्हता. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी हा माग काढला, तोवर अनेक निकालांत त्याची पुनरुक्ती झाली होती.

वर सांगितलेल्या १९९८ च्या संकलनात चार ते पाच वर्षांच्या पाठपुराव्यात पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदवला गेलेल्यांचे प्रमाण १३.४ टक्के होते. हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गाँ यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यासांचे संकलन केले, तेव्हा ते १३.७ टक्के आले. हे सरासरीचे आकडे असल्याने त्यात फार कमी धोक्याचे आणि फार मोठ्या धोक्याचे असे दोन्ही मिसळलेले आहेत. शिवाय काळ लोटतो तसा धोका घटतो. २०१४ मध्ये हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की समाजात राहून गुन्ह्याविना गेलेल्या दर पाच वर्षांनी लैंगिक पुनर्गुन्ह्याचा धोका साधारण निम्मा होतो, आणि हे वरच्या धोक्याच्या गटालाही लागू पडते.

याद्यांविषयी. न्यूयॉर्कमध्ये नोंदणीकायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातील अटका तपासल्या, तेव्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांना पूर्वी अशा गुन्ह्याची शिक्षा झालेलीच नव्हती. म्हणजे यादीत ते सापडलेच नसते. प्रेस्कॉट आणि रॉकऑफ यांनी २०११ मध्ये असेही दाखवले, की पोलिसांकडची नोंदणी आणि लोकांसमोर उघड केलेली यादी यांचे परिणाम वेगळे आहेत. उघड यादीने नव्यांना थोडा धाक बसत असावा. पण ज्यांचे नाव यादीत आहे, ज्यांना काम आणि खोली मिळत नाही, त्यांचा पुनर्गुन्हा वाढण्याकडे कल दिसला. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू केलेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, आणि माझ्या मते ते योग्य आहे. आपल्याच एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदी सांगतात, की बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. सोसायटीच्या ठरावात रक्षकाची पडताळणी जरूर असू द्या, पण काका, मामा, शिकवणीचे सर आणि शेजारी यांची पडताळणी कोणत्याच चौकीत होत नाही.

संख्याशास्त्री_वाशी

धागाकर्त्यांनी मोजपट्ट्यांची बाजू मांडली, मी त्यांची मर्यादा मांडतो. मोजपट्टी ‘चांगली’ आहे म्हणजे काय, हे आकडेमोडीशिवाय समजत नाही.

समजा एक हजार माणसे तुरुंगातून सुटली आणि त्यातली शंभर पुढे गुन्हा करणार आहेत. आपली मोजपट्टी त्या शंभरांपैकी सत्तर ओळखते, आणि उरलेल्या नऊशेंपैकी तीस टक्क्यांवर, म्हणजे दोनशे सत्तर जणांवर, विनाकारण शिक्का मारते. ही कामगिरी या क्षेत्रात वाईट समजली जात नाही. आता ज्यांच्या कपाळी ‘धोकादायक’ असा शिक्का बसला ते एकूण तीनशे चाळीस, आणि त्यात खरे सत्तर. म्हणजे पाचांत जेमतेम एक. याउलट ज्यांना शिक्का बसला नाही अशा सहाशे साठ जणांत गुन्हा करणारे फक्त तीस. मोजपट्टी ‘हा माणूस बहुधा करणार नाही’ हे बऱ्यापैकी सांगते आणि ‘हा करील’ हे फार वाईट सांगते.

ही केवळ कागदावरची कसरत नाही. सीना फाझेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७३ नमुन्यांतील सुमारे २५ हजार लोकांचे आकडे तपासले. हिंसेच्या मोजपट्ट्यांनी धोकादायक ठरवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी, आणि लैंगिक गुन्ह्यांच्या मोजपट्ट्यांनी धोकादायक ठरवलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी पुढे तसा गुन्हा केला. कमी धोक्याचे ठरलेल्यांविषयीचा अंदाज मात्र दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर आला. म्हणून गुणसंख्या पाहून कोणाला कायम डांबून ठेवायचे असेल, तर एका खऱ्यामागे तीन-चार निरुपद्रवी माणसे डांबली जातील हे मोकळेपणाने कबूल करून मगच तसा कायदा करावा.

दुसरी गोष्ट. हे सगळे आकडे नोंद झालेल्या गुन्ह्यांचे आहेत. जो गुन्हा घराबाहेर गेलाच नाही, तो कोणत्याही संकलनात येत नाही. १३ टक्के हा आकडा तळ समजावा, छत नव्हे.

मानसमापन_ठाणे

पूर्ण सहमत. तळाचा मुद्दा तर प्रत्येक व्याख्यानात सांगावा असा आहे. त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण जोडतो. स्टॅटिक-९९ मध्ये पूर्वीच्या शिक्षा मोजतात. पण आपल्याकडे खटला निकाली निघायला वर्षे लागतात, साक्षीदार फुटतात, घरचे तडजोड करतात, त्यामुळे कागदावर कोरा दिसणारा माणूस खरोखर कोरा असेलच असे नाही. जोडीदाराबरोबर दोन वर्षे राहण्याची बाब घ्या. भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा तळोज्याच्या कारखान्यात काम करणारा, बायको गावी आणि स्वतः आठ जणांच्या खोलीत, अशा विवाहित माणसाला तिथे गुण द्यायचा की नाही? कॅनडात जोडीदाराविना राहणे हे नाती न जमण्याचे लक्षण असू शकते, इथे ते भाड्याचे गणित असते. मोजपट्टी इथल्या सुटलेल्या बंद्यांवर ताडून पाहिल्याशिवाय तिचे गुण न्यायालयात मांडू नयेत असे माझे ठाम मत आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एवर्ट खटल्यात जवळपास हेच सांगितले: आदिवासी बंद्यांवर या मोजपट्ट्या लागू पडतात की नाही हे तपासून न पाहता त्या वापरत राहणे, हा तिथल्या तुरुंग खात्याकडून झालेला कायद्याचा भंग आहे.

वकील_कोर्टनाका

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पश्चात्तापाविषयीचे वाचून मी थबकलो, कारण शिक्षेवरील युक्तिवादात आम्ही नेमके तेच मांडतो: अशील तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, त्याला पश्चात्ताप झाला आहे. सरकारी वकील म्हणतात, चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही दिसला नाही. दोन्ही बाजू एकाच निरुपयोगी खुणेवर भांडत असतात, असा याचा अर्थ होतो.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालात फाशी देण्यापूर्वी ज्या बाबी पाहायच्या, त्यात आरोपी पुढे हिंसा करून समाजाला सततचा धोका ठरण्याची शक्यता नाही, तसेच तो सुधारण्याची शक्यता आहे, या दोन गोष्टी घेतल्या आणि तसे नाही हे पुराव्याने दाखवण्याचा भार सरकारवर टाकला. म्हणजे जोखमीचे मूल्यमापन आपल्या कायद्यात चार दशकांपासून आहे, फक्त ते कसे करायचे हे कोणी सांगितले नव्हते. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत मानसशास्त्रीय आणि मानसोपचारविषयक मूल्यमापन व तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून अहवाल येऊ लागले आहेत. त्यातला एक माझ्या हाती आला होता. दीड पानात बुद्ध्यांक, ‘भ्रम नाहीत, भास नाहीत’, आणि अखेरीस ‘आरोपीने खेद व्यक्त केला’. त्या कागदावरून त्याच्या पुढच्या वीस वर्षांविषयी काहीच कळत नव्हते.

निवृत्त_तुरुंगाधिकारी

मी राज्याच्या कारागृह सेवेत उमेदीची सर्व वर्षे काढली. कुठे, ते लिहीत नाही. वकीलसाहेबांच्या दीड पानाची दुसरी बाजू सांगतो.

ठाण्याचे कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. दगडी तटाच्या आत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे कोंबलेली असताना तिथे कोणाचे मूल्यमापन होणार? देशाचा हिशेब घ्या: २०२२ अखेर भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही त्याला ‘तुझ्या गुन्ह्याविषयी बोल’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तो बोलला तर त्याचा वकील त्याला शहाणा म्हणणार नाही. पाचशे बंद्यांमागे एक समुपदेशक असावा हा २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीचा दंडक कागदावर शोभून दिसतो.

आता पश्चात्ताप. जन्मठेपेचा बंदी मुदतपूर्व सुटकेच्या अर्जासाठी समितीपुढे येतो, तेव्हा काय बोलायचे हे त्याला बराकीतच पढवलेले असते. ‘साहेब, वाईट वेळ होती, डोकं फिरलं होतं, आता आईबापांची सेवा करायची आहे.’ हीच तीन वाक्ये, याच क्रमाने, मी वेगवेगळ्या तोंडांतून वर्षानुवर्षे ऐकली. एक-दोन जण मात्र ‘मी केलेलंच नाही’ यावर शेवटपर्यंत अडून बसायचे. त्यांचा अर्ज फेटाळला जाई, आणि रजेवर जाऊन वेळेवर परत येणाऱ्यांत मात्र तेच असत.

उपचारांविषयी मी साशंक आहे. कोणी विपश्यना म्हणतो, कोणी योग, कोणी कीर्तन. १९९४ मध्ये तिहारमध्ये हजार कैद्यांचे शिबिर झाल्याचे आम्हाला दर प्रशिक्षणात सांगत. मन शांत होते हे मी पाहिले आहे. शांत मनाचा माणूस गुन्हा करत नाही, हे मात्र मी पाहिलेले नाही.

मानसमापन_ठाणे

काका, तुमची शंका रास्त आहे आणि संशोधन तिला पुष्कळ अंशी दुजोरा देते. मनःशांती मोजणे सोपे असते म्हणून तीच मोजली जाते. सुटकेनंतरची पाच-दहा वर्षे कोणी मोजत नाही. जिथे ती मोजली गेली, तिथल्या तीन गोष्टी सविस्तर सांगतो.

पहिली कॅनडातील पेनेटँग्विशीन येथील. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या कडेकोट मनोरुग्णालयात रुग्णांनीच रुग्णांवर उपचार करायचे असा एक धाडसी प्रयोग चालला. दिवसाचे कित्येक तास गटचर्चा, एलएसडीसारखी औषधे, आणि खिडकी नसलेल्या एका लहान खोलीत विवस्त्र अवस्थेत गटाने कित्येक दिवस काढणे. जेवण भिंतीतून आलेल्या नळ्यांतून द्रवरूपात मिळे. त्या काळी त्याचे कौतुक झाले. मार्नी राइस, ग्रँट हॅरिस आणि कॅथरिन कॉर्मियर यांनी १९९२ मध्ये सुटलेल्यांचा हिशेब मांडला. ज्यांच्यात सायकोपॅथी (इतरांविषयी भावनाशून्य, बेदरकार आणि फसवी वृत्ती) नव्हती, त्यांच्यात हिंसक पुनर्गुन्हा तुलनागटाच्या ३९ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला होता. ज्यांच्यात होती, त्यांच्यात तो ५५ वरून ७७ टक्क्यांवर गेला होता. संशोधकांचा तर्क असा, की दुसऱ्याच्या भावना ओळखायला आणि योग्य ते बोलायला त्या गटाने त्यांना शिकवले, आणि त्यांनी ते ज्ञान आपल्या पद्धतीने वापरले. तुमच्या बराकीतील तीन वाक्यांचीच ही पुढची पायरी. पुढे २०१७ मध्ये ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने त्या पद्धतींना छळ ठरवले.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. १९८५ पासून दहा वर्षे अटास्काडेरोच्या इस्पितळात उपचारासाठी तयार असलेल्या बंद्यांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली गेली; एकाला सुमारे दोन वर्षांचा कार्यक्रम, दुसऱ्याला काही नाही. या क्षेत्रात असा प्रामाणिक प्रयोग विरळा. २००५ मध्ये निष्कर्ष आले: दोन गटांत लक्षणीय फरक नाही.

तिसरी इंग्लंडची, आणि ती सर्वाधिक बोचरी. तिथल्या तुरुंगांतील प्रमुख लैंगिक गुन्हेगार-उपचार कार्यक्रम वर्षानुवर्षे आदर्श म्हणून दाखवला जाई. गटात बसून गुन्ह्याचे तपशीलवार निवेदन करणे, जबाबदारी स्वीकारणे, पीडिताच्या भूमिकेत शिरून नाट्यरूपाने प्रसंग उभा करणे, असा त्याचा गाभा होता. २०१७ मध्ये न्याय मंत्रालयाने उपचार घेतलेल्या २,५६२ पुरुषांची उपचार न घेतलेल्या १३,२१९ जुळत्या पुरुषांशी तुलना प्रसिद्ध केली. सरासरी ८.२ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे, उपचार न घेतलेल्यांत ८ टक्के, घेतलेल्यांत १० टक्के. फरक लहान, पण उलट्या दिशेचा. कार्यक्रम बंद झाला आणि त्याजागी ‘होरायझन’ व ‘कायझेन’ आले. होरायझनमध्ये गुन्ह्याची कबुली ही प्रवेशाची अट नव्हती. तिथे भर होता तो राग-वासनांवर ताबा, नाती, अडचणी सोडवणे आणि सुटकेनंतरच्या जगण्याची घडी बसवणे यांवर.

म्हणजे १९९८ मध्ये जे आकड्यांत दिसले होते, ते अमलात यायला जवळपास वीस वर्षे गेली. सहानुभूती आणि कबुली धोक्याशी जुळत नाहीत हे ठाऊक असूनही उपचार त्यांवरच बेतलेले राहिले, कारण समाजाला आणि मला वाटते उपचारकांनाही, ते पाहायला हवे होते.

असे असले तरी ‘काहीच उपयोगाचे नाही’ हा निष्कर्षही टिकत नाही. कॅनडाचे अँड्र्यूज, बाँटा आणि हॉज यांनी १९९० मध्ये तीन सूत्रे मांडली: अधिक धोक्याच्या माणसाला अधिक उपचार द्यावेत आणि कमी धोक्याच्याला फारसे छेडू नये, ज्या गोष्टी गुन्ह्याशी खरोखर जोडलेल्या आहेत त्यांवरच काम करावे, आणि शिकवण्याची रीत त्या माणसाच्या आकलनाला झेपेल अशी असावी. हॅन्सन यांनी २००९ मध्ये २३ अभ्यास तपासले, तेव्हा लैंगिक पुनर्गुन्हा उपचारगटात १०.९ आणि तुलनागटात १९.२ टक्के होता, आणि तीनही सूत्रे पाळणाऱ्या कार्यक्रमांत परिणाम सर्वांत मोठा होता. थेरेसा गॅनन यांच्या २०१९ च्या संकलनात ७० अभ्यास आणि ५५ हजारांहून अधिक माणसे होती, तिथे ९.५ विरुद्ध १४.१ टक्के. त्यातला कळीचा तपशील असा, की जिथे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सातत्याने हजर होता आणि त्याच्या कामावर कोणाची तरी देखरेख होती, तिथे परिणाम चांगला आला.

खारीगाव_खाडी

इतके सगळे वाचून माझा संताप कमी झालेला नाही. पीडित मुलीला समुपदेशक मिळवताना आईबाप रडकुंडीला येतात, आणि आपण इथे गुन्हेगाराला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मिळावा म्हणून आकडे मांडतो आहोत. औषधाने वासनाच मारून टाका, प्रश्न मिटला. इतर देशांत करतात ना?

मानसमापन_ठाणे

पीडितांसाठी काही नसताना हा खर्च का, हा प्रश्न मी टाळणार नाही. पीडितांची सोय आधी व्हावी असेच माझे मत आहे. मात्र हे दोन खर्च एकमेकांच्या ताटातले काढून घेणारे आहेत असे मला वाटत नाही, कारण टळलेला प्रत्येक पुनर्गुन्हा हा एका मुलाचा वा बाईचा वाचलेला जीव असतो.

औषधांविषयी. पुरुषी संप्रेरक कमी करणारी औषधे खरोखर आहेत आणि निवडक माणसांत ती काम करतात. स्वीडनमधील करोलिन्स्का संस्थेत ५२ पुरुषांवर झालेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांविषयी ओढ असलेल्या आणि स्वतःहून मदत मागायला आलेल्या या पुरुषांपैकी ज्यांना डेगारेलिक्स हे इंजेक्शन दिले, त्यांच्यात दोन आठवड्यांतच धोक्याची लक्षणे तुलनागटापेक्षा घटली. मात्र ते राजीखुशीने आलेले होते आणि त्यांच्या गुन्ह्यामागे विशिष्ट ओढ होती. ज्याने दारूच्या नशेत, सूडापोटी किंवा ‘माझे कोण काय वाकडे करणार’ या गुर्मीत बलात्कार केला, त्याच्या बाबतीत संप्रेरक हा मूळ प्रश्नच नसतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात सक्तीच्या रासायनिक खच्चीकरणाची सूचना नाकारली, तीही ते मानवाधिकारांच्या विरुद्ध आहे आणि बलात्काराच्या सामाजिक मुळांना हात घालत नाही म्हणून.

‘स्वतःहून आलेले’ या शब्दांवर मुद्दाम भर देतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून अशा माणसांसाठी गोपनीय उपचार सुरू आहेत. आपल्याकडे असा माणूस कुठे जाईल? ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण ‘डॉक्टर, मला लहान मुलांविषयी असे विचार येतात’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, मागे चार माणसे उभी असताना, कोण उच्चारणार?

भिवंडी_समुपदेशक

मी विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांबरोबर काम करते. वरची सगळी चर्चा प्रौढांची आहे, म्हणून दोन गोष्टी जोडते. मायकेल काल्डवेल यांनी २०१६ मध्ये लैंगिक गुन्हा केलेल्या ३३ हजारांहून अधिक किशोरवयीनांचा हिशेब मांडला. सुमारे पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे ४.९२ टक्के होते, आणि २००० नंतरच्या अभ्यासांत तर फक्त २.७५ टक्के. या वयात हे वर्तन पुष्कळदा टिकून राहत नाही. कुटुंब, शाळा आणि मित्रमंडळ या सर्वांना धरून केलेल्या उपचारांचे निकाल प्रौढांपेक्षा आशादायक आहेत. मुलाला आठवड्यातून एकदा खोलीत बसवून उपदेश करण्यापेक्षा त्याच्या आईला संध्याकाळी सात ते दहा या वेळात तो कुठे असतो हे कळू लागणे अधिक कामाला येते, हा माझाही अनुभव आहे.

दुसरे, २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असल्यास बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करायचे असते. लोकांना वाटते की हे धोक्याचे मूल्यमापन आहे. ते तसे नाही. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज आणि कोणत्या परिस्थितीत तो घडला, इतकेच पाहायचे असते. तरीही अहवालात ‘मुलाला पश्चात्ताप वाटत नाही’ असे वाक्य हमखास येते. निरीक्षणगृहात पहिल्या आठवड्यात घाबरलेले मूल भिंतीकडे पाहत बसते, विचारले तर हसते. त्या हसण्यावरून त्याला सराईत ठरवलेले मी वाचले आहे. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम नाजूक असल्याचे सांगून, मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर अशा तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक मानले, ते फार बरे झाले.

वकील_कोर्टनाका

ताईंचा मुद्दा मी टिपून ठेवला आहे. धागाकर्त्यांना शेवटची एक विनंती. मनोज निकालानुसार अहवाल मागवताना मी अर्जात तज्ज्ञाला नेमके कोणते प्रश्न घालून द्यावेत? ‘मूल्यमापन करावे’ इतकेच लिहिले, तर पुन्हा दीड पान येईल.

मानसमापन_ठाणे

‘हा माणूस धोकादायक आहे का’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. कोणत्या प्रकारच्या हिंसेचा धोका, कोणाला, कोणत्या परिस्थितीत, आणि तो कशाने कमी होतो, असे विचारा. हिंसेचा धोका तपासणाऱ्या एचसीआर-२० सारख्या पद्धतीत पूर्वेतिहासाच्या दहा बाबींबरोबर सध्याच्या स्थितीच्या पाच आणि पुढील नियोजनाच्या पाच बाबी असतात. गुणांची बेरीज करून निकाल देण्याऐवजी तिथे तज्ज्ञाला प्रत्येक बाब तपासून आपला तर्क लिहावा लागतो, आणि लिहिलेल्या तर्काची तुम्हाला उलटतपासणी घेता येते. मोजपट्टी वापरली असेल, तर ती कोणत्या लोकसमूहावर ताडलेली आहे हे लिहायला लावा. केवळ एका भेटीवर अहवाल नको. शाळेची, दवाखान्याची आणि तुरुंगातील कागदपत्रे पाहिली का, घरच्यांशी व गावी कोणाशी बोलणे झाले का, हे नमूद असावे. पॉलिग्राफ किंवा नार्को चाचण्यांचा प्रस्ताव आला, तर २०१० च्या सेल्वी निकालानुसार संमतीविना त्या करता येत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आणि ‘खेद व्यक्त केला’ हे वाक्य आले, तर त्यावरून धोक्याविषयी कोणता निष्कर्ष काढला आणि कोणत्या आधारावर, हा प्रश्न लेखी विचारा. दारू, मारहाणीच्या नोंदी, घरी परतायला जागा आहे की नाही, या बाबी वर्षभरात बदलतात. म्हणून अहवाल कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य धरावा हेही तज्ज्ञाकडूनच लिहून घ्या. अपिलात सहा वर्षांपूर्वीचा कागद जसाच्या तसा वाचला जातो, तेव्हा तीच तारीख कामाला येईल.